ङ आडनावाचा शेठ

सिंगापूरच्या ऑफिसात रुजू झाले त्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी 'मिस एन-जी' अशी हाक मारली. त्यांच्या पाटीवर रोमन लिपीत तेवढीच दोन अक्षरं होती. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, ओठ जरासे उघडे ठेवले, जिभेचं मूळ टाळूला लावलं आणि नाकातून एक छोटा हुंकार काढला. "असं म्हण." मी म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणताना अंगावर काटा आला, कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पहिलीत मी तो रोज म्हणत होते. क, ख, ग, घ, ङ.

आमच्या वर्गातल्या तक्त्यावर कमळ होतं, खडू होता, गवत होतं, घर होतं. ङ च्या चौकटीत काहीच नव्हतं. आमच्या बाई छडी त्या रिकाम्या चौकटीवरून पुढे सरकवायच्या आणि 'च चमच्याचा' सुरू व्हायचं. 'वाङ्मय' हा शब्द भेटेपर्यंत मी आठवीत पोचले होते. मराठीत ज्याने एकही शब्द सुरू होत नाही, ते अक्षर दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बोलीत एकट्याच्या बळावर अख्खं आडनाव होऊन बसलंय, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. मी त्यांना कागदावर ङ काढून दाखवला. त्यांनी तो दोनदा गिरवला आणि मग त्याच कागदावर आपलं आडनाव त्यांच्या लिपीत काढलं.

डावीकडे दोन फटकारे, उभा माणूस. उजवीकडे चार फटकारे, पाच हा आकडा. माणूस आणि पाच. जुन्या चिनी सैन्यात पाच शिपायांची सगळ्यात लहान तुकडी असायची, तिचं हे अक्षर. कँटनच्या बोलीत त्याचा उच्चार ङ, उत्तरेच्या राजभाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, वू, आणि फूच्येन प्रांतात ङो. आमच्या ऑफिसात आणखी दोन ङ होते. रोमन लिपीत तिघांची पाटी सारखीच, पण चिनी अक्षरं वेगळी, मूळपुरुष वेगळे, घराणी वेगळी. एकाचं आडनाव राजभाषेत ह्वांग होतं, दुसऱ्याचं वू होतं, पण पाचाचं नव्हे, वू नावाच्या प्राचीन राज्यावरून आलेलं.

त्या मला दहा वर्षांनी मोठ्या. माझं लग्नानंतर आडनाव बदललं हे ऐकून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि जुनं कुठे गेलं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या आईचं आडनाव वेगळं होतं आणि शेवटपर्यंत वेगळंच राहिलं, समाधीच्या दगडावरसुद्धा. त्यांनी पुन्हा पेन घेतलं आणि 'आडनाव' या अर्थाचं अक्षर काढलं. राजभाषेत त्याला 'शिंग' म्हणतात. डाव्या बाजूला बाई, उजव्या बाजूला जन्म.

हे अक्षर मी त्या दिवसापासून विसरलेले नाही. सगळ्यात जुनी चिनी कुळनावं पाहिली तर त्यांत बाई दडलेली दिसते: जी, ज्यांग, याओ, यिंग. चौ राजांच्या काळात, म्हणजे आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, बड्या घराण्यांतल्या माणसाला दोन ओळखी असत. 'शिंग' हे कूळ, ते जन्मानं मिळे आणि बदलत नसे. 'शी' हे शाखेचं नाव, ते जहागिरीवरून, हुद्द्यावरून, राहत्या जागेवरून पडे. पुरुषाला त्याच्या शी-ने ओळखत, कारण त्यावरून त्याचा मान कळे. बाईला तिच्या शिंग-ने ओळखत, कारण तिचं लग्न कुणाशी होऊ शकत नाही ते त्यावरून ठरे. आपल्याकडे सगोत्र विवाहाला जो नकार, तोच तिथे एका शिंग-च्या दोघांना. पुढे थांग राजवटीच्या कायद्यात एकाच आडनावाच्या मुलामुलीनं लग्न केलं तर दोन वर्षं सक्तमजुरी लिहिलेली आहे.

शी कशी पडत ते वाचताना मला सारखं घरच्यासारखं वाटत राहिलं. राज्य बुडालं तरी राज्याचं नाव लोकांनी आडनाव म्हणून जपलं: चेन, सोंग, जंग. घोडदळाच्या अधिकाऱ्याचे वंशज सीमा. मडकी घडवणारे थाओ. गावाच्या पूर्वेच्या तटाबाहेर राहणारे तोंगक्वो. कुलकर्णी, देशपांडे, वेसाव्याचे वेसावकर यांच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक काळाचा आहे. हान राजवटीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, शिंग आणि शी एकमेकांत मिसळून गेले आणि साध्या शेतकऱ्यालाही आडनाव आलं. माझ्या आजोबांचं आडनाव मात्र शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी गावावरून लिहिलं, तिथून ते आमचं झालं. त्या आधी ते अमक्याचे तमके होते, बस्स.

आता या पाच माणसांच्या अक्षराकडे येते, कारण त्यामागे एक घराणं आहे आणि ते मला झोपू देत नाही.

इ.स.पू. ५९७. यांगत्से नदीच्या मधल्या खोऱ्यातलं छू राज्य आणि उत्तरेचं जिन राज्य समोरासमोर ठाकली होती. छूच्या मुख्य प्रधानाचं मत पडलं, माघार घ्यावी. राजा ज्वांगच्या मर्जीतला वू छान म्हणाला, लढावं, समोरच्या सेनापतीचं त्याच्याच माणसांवर वजन नाही. राजानं त्याचं ऐकलं आणि बी नावाच्या ठिकाणी झालेल्या लढाईत छू जिंकलं. हा वू छान त्या घराण्याचा मूळपुरुष. त्याचा पणतू वू झिशू. राजा बदलला, कान भरणारे आले, आणि इ.स.पू. ५२२ मध्ये वू झिशूच्या बापाला व थोरल्या भावाला छूच्या राजानं मारलं. धाकटा पळाला. सरहद्दीच्या नाक्यावर तो अडकला आणि चिंतेनं एका रात्रीत त्याचे केस पांढरे झाले, त्यामुळे पहारेकऱ्यांना तो ओळखू आला नाही, अशी कथा चीनमध्ये पोराटोरांना ठाऊक असते. पूर्वेकडच्या वू राज्यात जाऊन तो मोठा झाला, इ.स.पू. ५०६ मध्ये फौज घेऊन छूच्या राजधानीत शिरला. बापाला मारणारा राजा तोवर मेला होता. वू झिशूनं त्याची कबर उकरली आणि प्रेताला तीनशे फटके मारले, असं जुन्या इतिहासात लिहून ठेवलंय. शेवटी त्याच्याही राजानं त्याचं ऐकलं नाही. शेजारचं युए राज्य तुला गिळेल, असं तो परोपरीनं सांगत राहिला. इ.स.पू. ४८४ मध्ये राजानं त्याला तलवार पाठवली, म्हणजे स्वतःला संपव. मरताना तो म्हणाला, माझे डोळे काढून वेशीवर टांगा, म्हणजे शत्रू आत शिरताना मला दिसेल. अकरा वर्षांनी युएचं सैन्य शिरलं. सूचौ गावात आजही होड्यांच्या शर्यतीच्या सणाला लोक त्याची आठवण काढतात.

शेजारच्या टेबलावर हिशेबाचे तक्ते भरणारी बाई या माणसाला 'आमचा झिशू' म्हणते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि आमचा!

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या आडनावाची एक शाखा फूच्येनहून कँटनला उतरली. वूयी डोंगराच्या चहाच्या मुलखातली ही माणसं. फूच्येनमध्ये चहाला 'ते' म्हणतात, कँटनमध्ये 'चा'. युरोपात डच लोकांनी 'ते' नेलं आणि त्याचा टी झाला. आपला चहा 'चा'च्या घराण्यातला. या कुटुंबाच्या घरात दोन्ही शब्द नांदत असतील, हा विचार चहा गाळताना माझ्या मनात अनेकदा येतो.

१७५७ मध्ये छ्येनलाँग बादशहानं परदेशी दर्यावर्दी व्यापाराला एकच बंदर मोकळं ठेवलं, कँटन. तिथेही परदेशी माणसानं थेट कुणाशी सौदा करायचा नाही. सरकारनं नेमलेल्या मोजक्या चिनी पेढ्यांशीच करायचा. या पेढ्यांना 'हाँग' म्हणत. प्रत्येक परक्या जहाजाला एक हाँगवाला जामीन राहायचा, जकातीलाही आणि खलाशांच्या वागण्यालाही. एक पेढी बुडाली तर तिचं परक्यांचं देणं बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. नफा प्रचंड, पण मान कायम सुरीखाली. या धंद्यात फूच्येनहून आलेल्या त्याच कुटुंबातल्या वू ग्वोयिंगनं १७८३ मध्ये स्वतःची पेढी काढली. १८०१ पासून ती त्याच्या मुलाच्या हाती आली. वू बिंगज्येन, जन्म १७६९.

वू बिंगज्येन हे नाव त्या काळच्या इंग्रजी वह्यांत सहसा सापडायचं नाही. जगानं त्याला 'हौक्वा' म्हटलं.

'हौ' हे त्याच्या बापाच्या व्यापारी नावातून उरलेलं. 'क्वा' म्हणजे फूच्येनच्या बोलीत साहेब, शेठ. मोठ्या माणसाच्या नावाला लोक लावायचे. परक्यांनी ते नावच समजून लिहिलं. म्हणून त्या वह्यांत पुआनखेक्वा आहे, मौक्वा आहे, किंगक्वा आहे, सगळे शेठच शेठ. बापही हौक्वा, मग हा, मग याचा मुलगा. ते पेढीचं नाव झालं. आडनाव त्यात कुठेच नाही. वू छानचं, वू झिशूचं ते सहा फटकाऱ्यांचं अक्षर बाहेरच्या जगासाठी पुसलं गेलं.

आणि काय जगभर गेलं ते नाव! १८३४ मध्ये त्याच्या मालमत्तेचा अंदाज २ कोटी ६० लाख चांदीचे डॉलर असा सांगितला गेला. त्या काळी खासगी व्यापाऱ्याकडे एवढा पैसा जगात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही. बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या हातून त्याची रक्कम अमेरिकेत गुंतली. तिथे एका जलद शिडाच्या जहाजाला १८४४ मध्ये 'हौक्वा' नाव दिलं. लंडनच्या मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात त्याचा पुतळा होता. त्याचं तैलचित्र मी पाहिलंय. एवढा श्रीमंत माणूस, पण शरीर काटकुळं, गालफडं बसलेली, दाढी विरळ, गळ्यात लांब मण्यांची माळ. डोळ्यांत थकवा. पाहणाऱ्याच्या मनात भीती किंवा हेवा उभा राहत नाही. आपल्या घरातलं कुणी दवाखान्यातून आलंय असं वाटतं.

त्याच्याविषयी एक गोष्ट जुने अमेरिकन व्यापारी आवर्जून सांगत. एका अमेरिकनाकडून त्याचं ७२ हजार डॉलर येणं होतं. धंदा बसला, माणूस वर्षानुवर्षं कँटनमध्ये अडकून पडला, देशी जाईना. हौक्वानं तिजोरीतून त्याची वचनचिठ्ठी मागवली, म्हणाला, तू आणि मी जुने मित्र, तू सचोटीचा, नशीब तेवढं वाईट. चिठ्ठी फाडली, तुकडे टोपलीत टाकले आणि म्हणाला, आता कधीही जहाजावर चढ. मला या गोष्टीत औदार्याच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट दिसते. त्याला स्वतःला सोडवणारं कुणीच नव्हतं. १८२६ मध्ये पाच लाख डॉलर भरून त्यानं पेढी मुलाच्या नावावर केली, तरी अधिकाऱ्यांनी जबाबदारीतून त्याला मोकळं केलं नाही. दुसऱ्याच्या पायातली बेडी तोडताना त्याला काय वाटलं असेल?

इथपर्यंत मी हे सगळं वाचत होते ते शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीसाठी, तिच्या अक्षरासाठी. मग कँटनला येणाऱ्या मालाची यादी समोर आली आणि पुस्तक खाली ठेवावं लागलं. कापूस आणि अफू. बंदर: मुंबई.

ही अफू माळव्याची. शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली, बैलांवर लादून घाट उतरून आलेली, कधी मुंबईत, कधी इंग्रजांना चुकवून दमणला. मुंबईहून ती पाठवणाऱ्यांत पारशी होते, गुजराती होते, कोकणी मुसलमान रोगे होते. आणि सगळ्यांत मोठे जमशेटजी जीजीभाई. त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडलं, त्यावर त्यांची विल्यम जार्डिन या जहाजी डॉक्टराशी ओळख झाली. तो डॉक्टर पुढे कँटनमधला सर्वांत मोठा अफूवाला व्यापारी झाला. त्याच्या कंपनीनं चिनी नाव घेतलं ते हौक्वाच्या पेढीचंच, यीवो.

नावाचा खेळ इकडेही तोच चाललेला. 'जी' हा मान, 'भाई' हाही मान, दोन्ही नावात इतके मुरले की वेगळे काढता येत नाहीत, जसा हौक्वातला क्वा. जमशेटजींना लोक बाटलीवाला म्हणत, कारण सासऱ्यांच्या पेढीत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार होता. त्याच शहरात रोख पैसा हातावर ठेवणाऱ्या घराण्याला रेडीमनी हे आडनाव पडत होतं. कँटनमध्ये अडीच हजार वर्षांचं आडनाव व्यापारात झाकलं जात होतं, आणि त्याच व्यापारात मुंबईत कोरी करकरीत आडनावं जन्माला येत होती.

हौक्वाची पेढी उघडपणे अफूला हात लावत नसे. पण तो ज्यांना जामीन होता त्या जहाजांतून, ज्यांच्याकडे त्याचा पैसा होता त्या अमेरिकन दोस्तांकडून, अफू येतच होती. १८२१ मध्ये याच कारणावरून बादशहानं त्याच्या टोपीवरचा मानाचा मणी काढून घेतला होता. तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. त्याला माहीत होतं. जमशेटजींना तर माहीत होतंच. मार्च १८३९ मध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू कँटनला आला. परक्यांनी माल हवाली करावा म्हणून त्यानं हौक्वाला गळ्यात साखळी घालून परक्यांच्या वखारींपुढे उभं केलं. वय सत्तर. जूनमध्ये २०,२८३ पेट्यांतली अफू समुद्राकाठच्या चरांत मीठ आणि चुना टाकून विरघळवली गेली. त्यानंतर युद्ध. १८४१ मध्ये इंग्रजी तोफांपासून कँटन वाचवायला ६० लाख डॉलर द्यावे लागले, त्यांतले दहा लाखांहून अधिक एकट्या हौक्वाच्या तिजोरीतून गेले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि हाँगवाल्यांची मक्तेदारी संपली. १८४३ च्या सप्टेंबरात हौक्वा वारला.

१८४२ हे साल माझ्या वहीत मी तीनदा लिहिलंय. त्या साली जमशेटजींना राणीच्या सरकारनं 'सर' केलं, हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. आणि त्याच साली वू थिंगफांग जन्मला, तेच पाच माणसांचं अक्षर आडनावात घेऊन. इंग्रजी अमलातल्या हाँगकाँगमध्ये तो 'ङ चोय' या नावानं वकिली करायचा, तिथल्या कायदेमंडळात बसलेला पहिला चिनी माणूस. पुढे चिनी सरकारचा राजदूत होऊन तो वॉशिंग्टनला गेला तो वू थिंगफांग या नावानं. परक्यांच्या तोंडी या वेळी आडनाव आधी आलं.

जानेवारी १८४३ मध्ये भायखळ्याला एका इस्पितळाची कोनशिला बसली. जमशेटजींनी लाख रुपये दिले होते. १८४५ मध्ये ते सुरू झालं. मुंबईत त्याला कुणी पूर्ण नावानं ओळखत नाही, जे.जे. एवढंच.

हे मी मैत्रिणीला सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. तिच्या आजोबांचे काका अफूच्या पायी घर घालवून बसले होते, हे ती पूर्वी एकदा बोलून गेली होती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. माळवा, मुंबई, जमशेटजी, इस्पितळ, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते इस्पितळ अजून चालू आहे?"

"आहे. गरिबांचं आहे. रोज हजारो माणसं येतात," मी म्हटलं. आणि पुढचं वाक्य आपोआप आलं. "माझा जन्म तिथलाच."

तिनं समोरची किटली उचलली, माझ्या पेल्यात चहा ओतला, मग स्वतःच्या. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. नंतर तिनं विचारलं, जन्मले तेव्हा माझं नाव काय होतं. तिला आडनाव विचारायचं होतं, बदललेलं आणि त्याआधीचं.

माझ्या आईच्या ट्रंकेत, दागिन्यांच्या डबीत, एक चिकटपट्टीचा तुकडा आहे. कडा काळपट, मधे पिवळा पडलेला. प्रसूती विभागात बाळांची अदलाबदल होऊ नये म्हणून मनगटाला बांधतात तो. त्यावर निळ्या शाईनं एका नर्सनं लिहिलंय. माझं नाव नाही, ते बारशाला ठेवलं. बाबांचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. 'हिचं बाळ' एवढंच, आणि पुढे आईचं नाव.

मी फोनमधला त्याचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. तिला मराठी वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिनं हातरुमालाला पुसून पेन घेतलं, आणि कागदी रुमालावर ते अक्षर पुन्हा काढलं. डाव्या बाजूला बाई. उजव्या बाजूला जन्म.